भरून दिलेला ई-रीडर

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत कुणाला ई-रीडर घ्यायचा झाला, की तो आधी यज्ञेश्वर आपट्यांकडे जाई. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी या विषयात इतकं लक्ष घातलं होतं, की सहा इंची स्क्रीन कुणाला पुरेल आणि सात इंची कुणाला लागेल, हे ते माणसाचा चष्मा बघूनच सांगत. शिवाय आणलेल्या रीडरमध्ये दोनशे मराठी पुस्तकं फुकट भरून देत. काही व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेली असत, काही ते वाचनालयातून आणून स्वतः मोबाइलवर स्कॅन करत. ती कुठून आली, असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. लोक कौतुक करत आणि ते त्यांना गोड लागे.

चौथ्या मजल्यावरच्या प्रेमलाबाई केतकरांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक टाइप वाचवेना. त्या निवृत्त शिक्षिका. मोबाइलसारखा डोळ्यांत घुसणारा उजेड नको आणि अक्षर मोठं करता यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. यज्ञेश्वरांनी सात इंची रीडर निवडला, पुस्तकं भरली आणि रविवारी सकाळी नेऊन दिला.

चहा पुढे ठेवून प्रेमलाबाई पुस्तकांची यादी बघू लागल्या. एका नावाशी थांबल्या.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

यज्ञेश्वरांना आधी कळलंच नाही. मग बाईंनी सांगितलं, की माहेरच्या नावानं लिहिलेली ही त्यांची एकुलती एक कादंबरी. शाळा सांभाळून लिहायला नऊ वर्षं लागली होती. प्रकाशकाकडे अजून प्रती पडून आहेत.

मराठी वाचन टिकावं, पुस्तकं घरोघरी पोचावीत, असं काहीतरी यज्ञेश्वर बोलू लागले. आपला आवाज बँकेच्या काउंटरवरच्यासारखा येतोय, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. बाई पानं सरकवत होत्या. एका पानावर खालच्या तीन ओळी दिसत नव्हत्या. पान दाबून धरणारी दोन बोटं स्कॅनमध्ये आली होती आणि एका बोटात चौकोनी खड्याची अंगठी होती. बाईंनी यज्ञेश्वरांच्या कप धरलेल्या हाताकडे पाहिलं. कप खाली ठेवावा की तसाच धरावा, हे यज्ञेश्वरांना कळेना.

"म्हणजे तुम्हीच केलंत."

"हो."

"सगळी पानं एकेक करून उलटलीत?"

"हो."

"वाचलंत?"

हो म्हणणं सोपं होतं. पण पुढचा प्रश्न काय येईल, ते यज्ञेश्वर जाणून होते.

"नाही," ते म्हणाले.

बाईंनी रीडर त्यांच्यापुढे सरकवला. "आता पैसे देऊन पुस्तक कसं घ्यायचं, तेवढं दाखवा."

त्यांनी दाखवलं. दोनदा चुकीच्या जागी बोट पडलं.

घरी येऊन त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. आधी लिहिलं, की तांत्रिक कारणामुळे त्या कादंबरीची फाइल काढून टाकावी. ते वाचून त्यांची त्यांनाच किळस आली. ते पुसून त्यांनी लिहिलं, 'लेखिकेची परवानगी नव्हती. मी विचारलीही नव्हती. कृपया फाइल काढून टाका.' सहा जणांनी होकाराचे अंगठे टाकले. तळमजल्यावरच्या रविराजनं उत्तर दिलं, 'काढतो काका, तेवढी वाचून होऊ दे.' असं फुकट वाचायला यज्ञेश्वरच तर इतकी वर्षं सगळ्यांना शिकवत आले होते.

दुसऱ्या दिवशी ते प्रकाशकाच्या दुकानात जाऊन कादंबरी विकत घेऊन आले आणि चार दिवसांत संपवली. ती चांगली होती. वाईट असती तर थोडं हलकं वाटलं असतं, असं मनात आलं आणि त्याचीही लाज वाटली.

त्यानंतर प्रेमलाबाई लिफ्टमध्ये भेटल्या.

"वाचली," ते म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण."

आवडली, हा शब्द त्यांच्या ओठांवर होता, पण तो म्हणायचा आपल्याला हक्क आहे असं वाटेना. चौथा मजला आला. बाईंनी मान हलवली आणि त्या बाहेर पडल्या.