टिकलीखालचा दिवा

“बाबा, डॅशबोर्डवरच्या या पिवळ्या दिव्यावर आईची टिकली काहून चिकटवली?”

हे विचारायची पैज आमच्या शाळेच्या व्हॅनमधल्या पोरींनी माझ्याशी लावली होती. मी विचारलं. तेही आमच्या दारात, आई समोर उभी असताना! माझी मैत्रीण प्रणाली हसून हसून सीटखाली गेली.

व्हॅन बाबांचीच. आईनं वाकून टिकली नखानं खरवडली. खाली ‘एबीएस’.

“हे काय होय?”

“जोरात ब्रेक मारला तं चाक जाम होऊन गाडी घसरू नये, त्याचं,” मी म्हटलं.

“ब्रेक लागते ना बरोबर,” बाबा पुटपुटले. “दिवा उगाच डोळ्यात जाते.”

“मंग रविवारी पोरी सेमाडोहले जाऊन नाही राहिल्या. घाट हाय तिकडे,” आई म्हणाली.

झालं! महिनाभर ठरवलेली सहल माझ्या एका पैजेत गेली. पोरींचं हसू बंद, आणि सगळ्या माझ्याकडेच बघतायत. आता दिवा विझवणं मलाच भाग होतं.

संध्याकाळी मी बाबांसोबत परतवाड्याच्या बाजारामागं, प्रीतमदादाच्या गॅरेजवर. त्यानं स्कॅनर लावला. “समोरचं डावं चाक. सेन्सर गेला, किशोरभाऊ. नवा अमरावतीहून येईल, सोमवारी.”

सोमवारी! “दादा, मी रोज समोर बसते ना,” मी म्हटलं. “सकाळी दिवा नसते. शाळेपाशी गर्रकन उजवीकडे वळलो का लागते. गेलेला सेन्सर वळण पाहून जाते का?”

“वा, इंजिनियरबाई!” तो हसला. पण जॅक लावला.

मी हातानं चाक फिरवलं. स्क्रीनवर वेगाचा आकडा हलला. बाबांनी स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं. मी फिरवतेच आहे, आणि आकडा शून्य!

प्रीतमदादानं टॉर्च मारली, आणि फिस्सकन हसला. चाकामागं नायलॉनचा धागा गच्च गुंडाळला होता, एका वाळक्या झेंडूसकट. त्यानं सेन्सरची वायर ओढून धरली होती. वळलं की ताण पडायचा आणि वायरचा अर्धवट निघालेला प्लग सुटायचा. सेन्सर ठणठणीत!

“भाऊ, चाकाले हार कोनं घातला?”

बाबा छताकडे पाहू लागले. दसऱ्याला लोक बॉनेटवर हार घालतात. आमच्या बाबांनी गेल्या वर्षी चारही चाकांना घातले होते आणि तशीच गाडी देवळापर्यंत नेली होती.

“पळतात तं चाकंच ना,” ते म्हणाले. “बॉनेट काय करते?”

धागा कापला, प्लग दाबून बसवला, वायर क्लिपमध्ये अडकवली. मैदानात गरागरा फेऱ्या मारल्या. दिवा लागलाच नाही! मी एवढ्या जोरानं ओरडले की चहावाला बाहेर आला.

घरी आई स्वतः समोर बसली आणि बाबांना गल्लीत उजवीकडे वळायला लावत राहिली. मग उतरली. “जा सेमाडोहले.”

माझे हात अजून ग्रीसनं काळे होते. तसेच कमरेवर ठेवले.

“दोघंही ऐका. दहावी झाली का मी पॉलिटेक्निकले ऑटोमोबाइल घेणार. ठरलं माझं. आन् या दसऱ्याले गाडीची पूजा मी करीन. चाकाले कुंकू. हार नाही म्हणजे नाही.”