लाकडी कोनमापक

माझी बायको ज्योत्स्ना गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्या शाळेतून निरोप आला, कपाटातलं सामान घेऊन जा. शाळा पेठ रस्त्यावरच्या एका गावात आहे. ती नाशिकहून रोज एसटीनं जायची आणि सातवीला गणित शिकवायची. मी पतपेढीत लिपिक. रजा टाकून गेलो.

कपाट सातवीच्या वर्गातच होतं. सामान फार नव्हतं. छत्री, डबा, एक स्वेटर आणि फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक. तो ज्योत्स्नानं घरी प्लायवूड कापून केला होता. त्यावरचे लाल आकडे तिच्याच हातचे.

"हा शाळेतच राहू द्या," मी म्हणालो. "रोज वापरात राहील."

तिच्या जागी आलेल्या अंजली मॅडम जरा अवघडल्या. "काका, राग मानू नका. याच्यामुळे पोरं चुकतात. थांबा, दाखवते."

त्यांनी फळ्यावर वेडावाकडा चौकोन काढला आणि लाकडी कोनमापकानं चारही कोन मोजून लिहिले. अठ्ठ्याहत्तर, पंच्याण्णव, एकशे बारा, एकोणऐंशी. बेरीज तीनशे चौसष्ट.

"तीनशे साठ यायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, तुम्ही एक काढलाच नाय! लाकडाचा एक जास्त सांगतो. बाईंनी सांगितलंय, परतेक कोनातून एक काढायचा."

"खाली बस फुला. आता हाच चौकोन वहीत काढ आणि तुझ्या कंपासमधल्या कोनमापकानं मोज."

फुलानं जीभ बाहेर काढून मोजलं. बेरीज तीनशे छप्पन्न. तिचा प्लास्टिकचा कोनमापक बरोबर होता, पण तिनं त्यातूनही प्रत्येक वेळी एक काढला होता. मागून कोणीतरी ओरडलं, "माझे बी छप्पन्न!"

"बघा," मॅडम म्हणाल्या. "सगळा वर्ग असा आहे. घरी न्या तुम्ही. आठवण म्हणून राहील."

मी लाकडी कोनमापक हातात घेऊन पाहिला. काठाच्या रेघेवर शून्य हवं, तिथे तिनं एक लिहिला होता. आपण वस्तू मोजतो तसं एकापासून सुरू केलं होतं. पुढचे सगळे आकडे एकेका रेघेनं सरकले होते. हे नंतर तिच्या लक्षात आलं असणार. मला बोलली नव्हती.

घरी नेला असता तर खिळ्याला टांगून ठेवला असता.

"नीट करून आणला तर ठेवाल?"

"ठेवीन की. माझ्याकडे दुसरा कुठे आहे?"

आमच्या गल्लीत कोंडाजी पेंटर राहतो. त्यानं कोनमापक उलटसुलट करून पाहिला.

"रेघा बरोबर आहेत, भाऊ. आकडे तेवढे घासून परत काढावे लागतील." मग थांबला. "वहिनींचे आहेत का हे?"

"हो."

"मग असू द्या ना. शाळेला दुसरा घेऊन द्या."

"दुसरा तिचा नसेल."

"घासल्यावर हा तरी कुठं राहतो?"

मी कोनमापक परत त्याच्यापुढे धरला. त्यानं पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. "घासा तुम्हीच. मला नका लावू."

त्याच्या ओट्यावर बसून मी आकडे घासले. ती चारचं पोट मोठं काढायची. ऑईल पेंट होता, लवकर निघत नव्हता. हात लाल झाला. कोंडाजी चहा घेऊन आला तेव्हा शेवटचे दोन राहिले होते. तेही घासले. मग त्यानं बारीक ब्रशनं आकडे काढले. शून्य तिनं लिहिलंच नव्हतं. ते त्यानं नवं काढलं.

वाळल्यावर शाळेत नेऊन दिला. मॅडमनी फळ्यावर चौकोन काढला आणि फुलाला बोलावलं. तिनं लाकडी कोनमापक दोन्ही हातांनी धरून चार कोन मोजले, प्रत्येक वेळी ओठांत काहीतरी पुटपुटली आणि बेरीज लिहिली. तीनशे छप्पन्न.

"अगं, आता एक नाही काढायचा! हा दुरुस्त झालाय."

"पण बाईंनी सांगितलंय."

वर्ग हसला. मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, यांची सवय मोडायला वर्ष जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो, आणि एसटी गाठायला निघालो.