बाबूचा गोटा

आमच्या धानाच्या बांधीत मोठमोठ्या दगडांचं रिंगण आहे आणि मधे मातीचा उंचवटा. धान कापून झालं की गावातल्या बाया आपल्या लेकराच्या वजनाचा गोटा तिथे नेऊन ठेवतात. पुढच्या वर्षी तोच गोटा तराजूच्या एका पारड्यात, लेकरू दुसऱ्यात. लेकरू जड भरलं की देव पावला.

मी नागपूरला कॉलेजात इतिहास शिकलेली. हे हजारो वर्षांपूर्वीचं दफन आहे, असं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मेलेलं माणूस लेकराले काय करते? मला मात्र तिथे साप, विंचू आणि गंजका तराजू दिसे. दीड वर्षाच्या बाबूला पुन्हा न्यावं लागू नये म्हणून मी गुपचूप सरकारला निनावी पत्र धाडलं.

पौषात सौंदड स्टेशनावर पुरातत्त्व खात्याचे साहेब उतरले. त्यांनी दोन दिवस मोजमाप केलं, त्रेपन्न दगडांवर चुन्याने आकडे घातले आणि एकही हलवायचा नाही असं बजावलं.

मी जिंकले होते. पण त्याच दोन दिवसांत बाबूने जेवण सोडलं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि मी त्या मोजत होते. शेजारची शामकला म्हणाली, पोट्टा वाळून राहिला ना. तो खरंच वाळला का, हे सांगणारा जगात एकच गोटा होता, आणि त्यावर सदतीस आकडा होता.

मी पदर सावरून साहेबांपुढे उभी राहिले.

"सदतीस नंबर माझा आहे. मागच्या वर्षीचा. हळदीचा डाग बघा."

साहेब चष्मा पुसत होते, तेवढ्यात शामकलेने चौदावर हक्क सांगितला. सासूबाईंनी नऊवर हात ठेवला, हा तुह्या नवऱ्याचा म्हणाल्या. साठी उलटलेले उदाराम काठी टेकत आले आणि अकरावर बसले.

"हा मीच आहो, साहेब."

संध्याकाळी यादीत रिंगणाचे सतरा दगड उरले. रिंगणाला आणि मातीला हात लावू नका, बाकीचं तुमचं चालू द्या, म्हणत साहेबांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, पत्र कोणी लिहिलं होतं? मी बाबूचं नाक पुसू लागले.

तराजू आला. बाबूचं पारडं खाली टेकलं. सासूबाईंनी हात जोडले. मी बाबूच्या पायातले चांदीचे वाळे काढून पुन्हा तोलायला लावलं. पारडं खालीच.

"आता करदोडाही काढतं का वं?" सासूबाईंनी विचारलं.

मी काढला.