कांतीबाबांचे हातमोजे

"गेले! डाग गेले!" बुटांच्या दुकानासमोर एकच गलका उठला. रेशमी हातमोजे घातलेल्या कांतीबाबांनी लेप चोळला आणि माझ्या पुतणीच्या मनगटावरचं कोड डोळ्यांदेखत तपकिरी झालं. लोकांनी हात जोडले. मीही जोडले, नाहीतर गर्दीनं मलाच चोळलं असतं.

पुतणी याच दुकानात विक्रेती. कोड दिसू लागताच मालकानं तिला काउंटरवरून उचलून गोदामात टाकलं. "गिऱ्हाईक बिचकतं. डाग गेले की ये पुढं." तेव्हापासून ऐन उकाड्यातही तिच्या हातात मोजे. फोटोत मागची रांग. कुणी पेला हातात न देता टेबलावर ठेवला, की जेवणावरून मन उडायचं.

"आठवडाभर पाणी लावू नकोस," बाबा गरजले. "डाग परत आले, तर मनात पाप आहे समज!"

काय ही हमी! बूटवाल्यानंसुद्धा अशी कधी दिली नसेल. गुण आला तर बाबांचा, नाही आला तर दोष तुमचा. मग तक्रार करायला येणार कोण? स्वतःचं पाप जाहीर करायला?

पुतणी बाबांच्या हातांकडे बघत होती. "बाबा, मोजे कशाला?"

"तेज सांडू नये म्हणून, बाळ."

"मीही घालते. हात लपवणारा माणूस मला लांबूनही ओळखू येतो."

तिनं मोजा ओढलाच. गोऱ्यापान बाबांची बोटं तपकिरी! रेशमातून रंग झिरपलेला.

तिनं नळाखाली साबणानं मनगट खसाखसा घासलं. तपकिरी ओघळ मोरीत गेला. डाग होते तिथंच होते. पाण्याची बंदी होती ती बाबांना पुढचं गाव गाठता यावं म्हणून.

"अगं, कशाला धुतलंस?" वहिनी रडकुंडीला आल्या. "किती छान दिसत होतीस!"

"आठवडाभर छान दिसले असते, आई. मग जन्मभर पापी."

एव्हाना बाबा चपला टाकून पसार झाले होते. पुतणी, मोजे न घालता, काउंटरमागे उभी राहिली. मालक तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बोला, कोणता नंबर?"

कुणी पुढं होईना. मंडळी, कोड शिवल्यानं होत नाही, पापानं तर नाहीच. उपचार हवे असतील तर त्वचेच्या डॉक्टरकडे जावं. तिथं वेळ लागतो, पण डॉक्टर पळून जात नाही. आणि बघणाऱ्यांची नजर सुधारायला तर लेपही लागत नाही.

"आठ नंबर," मी म्हणालो आणि तिच्या हातून बूट घेतला.

तो अजून चावतो. त्याखेरीज मला काहीही झालेलं नाही.