बिनपट्टीचं मशीन

विपुल यमूला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. त्याला नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, हीच त्याची खोट. डोंगराच्या पायथ्याशी तलाव आणि हॉटेलं बांधणाऱ्या कंपनीचा हा माणूस. डोळखांबच्या पल्याड गाडी ठेवून भोकरपाड्यापर्यंत पायी चढून आला, ओट्यावर मांडी घालून बसला, कोरा चहा प्याला आणि बोलायचं सोडून ऐकत बसला. आता ऐकणारा भेटला की यमूच्या नवऱ्याचं, जाणूचं, काय विचारता! म्हशाच्या जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमावर गाडी आली की त्या माणसाला तहानभूक राहायची नाही.

"मशीन टकटक टकटक करायचं," जाणू सांगत होता. "पडद्यावर उजेड पडला का आमी समदे हात वर करायचो. ज्याच्या हाताची सावली पडद्यावर पडंल त्याला वरीसभर दुखणं नाय, असं व्हतं आमच्यात."

"सगळे करायचे? बायकासुद्धा?" विपुलनं विचारलं.

"तान्ह्या पोराचासुदा हात धरून वर करायचे."

विपुल हसला नाही, नुसती मान डोलावली. यमूच्या मनात पाल चुकचुकली. पण पाहुण्याच्या तोंडावर बोलायचं कसं, म्हणून ती चहाची भांडी उचलून आत गेली.

थोड्याच दिवसांत तो मशीन घेऊनच आला. भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून आत अंधार केला. ग्रामसभा आहे म्हणाला, पण कुणाला काही करायचं नाही, तलावाचं चित्र तेवढं बघायचं. टेबलावर ते मशीन बसलेलं. काळं, कडांना पितळेचा रंग, वर दोन मोठी चाकं आणि बाजूला फिरवायचा दांडा. जाणूनं ते पाहिलं आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

चाकं फिरायला लागली. टकटक सुरू झालं. यमू अगदी टेबलाजवळ बसली होती, तिनं वाकून पाहिलं. चाकांवर सिनेमाची पट्टीच नव्हती. नुसती रिकामी फिरत होती बापडी, आणि टकटक खालच्या जाळीतून येत होती, मोबाइलमधून गाणं यावं तशी. तिनं हळूच दांड्याला बोट लावलं, तर तो चिकटवलेला.

"अवो, याला पट्टी नाय," ती जाणूच्या कानात म्हणाली.

"नवीन तऱ्हा असंल गो. तू म्होरं बघ."

म्होरं निळाशार तलाव होता. होड्या होत्या, पांढऱ्या इमारती होत्या. मागचा डोंगर मात्र यमूनं ओळखला. वाघदेवाचा डोंगर, लहानपणापासून पाहिलेला. मग त्याच्या पायाशी भोकरपाडा पाहिजे, उतारावर नाचणी पाहिजे, तिचं स्वतःचं घर पाहिजे. तिथं पाणी होतं.  बैठकीत बोलायचं असेल तर आधी हात वर करावा, असं बचत गटात शिकवलं होतं. तिनं हात वर केला.

"थांबा मावशी," विपुल गोड आवाजात म्हणाला, "आधी तुमची जुनी रीत होऊ द्या."

पडदा पांढराफेक झाला. जाणूनं पहिला हात उंचावला, आणि मग सगळा पाडा हसत हसत हात वर करून आपापली सावली शोधू लागला. यमूचा हात तर आधीपासूनच वर. तेवढ्यात विपुलच्या मोबाइलचा भक्कन उजेड पडला.

पुढच्याच महिन्यात नाचणीच्या उतारावर लाल टोकांचे खांब ठोकले गेले. जाणू आणि यमू धावतपळत शहापूरला कचेरीत पोचली. तिथल्या साहेबानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. समाजमंदिराचा फोटो होता. सगळा पाडा हात वर करून हसत होता. फक्त एक म्हातारी हसत नव्हती, पण हात तिचाच सगळ्यात उंच होता.

"ग्रामसभेनं हात वर करून होकार दिलाय. एकमतानं," साहेब म्हणाला.

"मी इचारायला वर केला व्हता," यमू म्हणाली.

"फोटोत ते कसं कळणार, आजी? आता पाड्यावर सुनावणी होईल. तेव्हा सांगा. ती शेवटची."

 परत येताना जाणूचा जीव आतल्या आत जळत होता. आपल्याच तोंडानं आपण त्या माणसाच्या हाती दोर दिला, हे त्याला उमगलं होतं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. पाड्यावर येताच त्यानं सगळ्यांना वाघदेवासमोर उभं केलं आणि शपथ घातली. "कोन काय पन सांगू दे. कुनी हात वर करायचा नाय. काय बोलायचं ते तोंडानं."

सुनावणीच्या दिवशी पुन्हा ताडपत्र्या, पुन्हा ते मशीन. रिकामी चाकं फिरत होती. कचेरीतला साहेब उभा राहिला. जाणू बोलायला उठला, तर साहेबानं त्याला खाली बसवलं.

"एकेकानं बोलू नका, गोंधळ होतो. साधं विचारतो. ज्यांची प्रकल्पाला हरकत असेल, त्यांनी हात वर करा."

विपुलनं मोबाइल उचलला.

एकही हात हलला नाही. बायकांनी पदरात लपवले, कुणी मांडीखाली दाबून धरले. यमूला एकदम सगळं दिसलं. आज हात खाली राहिला तर तोच होकार.

"हात वर करा रे," ती ओरडली. "आज वर करायचा हाय!"

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. फोटोत हिचाच हात सगळ्यात उंच होता, ते सगळ्यांच्या कानावर आलं होतं. यमूनं एकटीनं हात उचलला. जाणूनं झडप घालून तिचं मनगट पकडलं आणि खाली ओढलं.

"खुळी झालीस का गो? फोटू काढतोय तो."

भक्कन उजेड पडला.

"कुणाचीही हरकत नाही," साहेब म्हणाला आणि खाली बसला.

जाणूनं सुटकेचा निःश्वास टाकला. तिचं मनगट त्यानं अजून घट्ट धरून ठेवलं होतं.