कड्यातलं पाणी

रुचिकाची पाठ वळताच गिरजाबाईनं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कड्यात लोटा बुडवला आणि पाणी पलीकडच्या दगडांत फेकून दिलं. एक लोटा, मग आणखी अर्धा. पदराला हात पुसून ती साळसूदपणे बाभळीखाली येऊन बसली.

शेलूबाजारजवळची ही गिट्टीची खदान बुजवून तिच्यावर माती पसरली होती. त्या मातीत पाणी किती मुरतं हे बघायला कॉलेजची रुचिका जागोजाग कडं ठोकायची, पाणी भरायची आणि ते किती उतरलं ते मोजायची. पाणी आणायचं, राखण करायची, हे काम शेजारच्या मळ्यातल्या गिरजाबाईचं. पोरगी गुणाची होती. पण आज तिनं कडं ठोकलं ते नेमकं त्याच जागी. खदान उघडी होती तेव्हा इथंच डोह साचायचा, आणि पोहायला उतरलेला गिरजाबाईचा दिनेश इथूनच वर आला नव्हता. त्या जागी वीतभर पाणी उभं राहिलेलंही त्याच्या आईला बघवत नव्हतं.

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं सकाळी घागरी भरताना तिच्या नवऱ्यानं, दौलतरावांनी, लेकासाठीही एक नवी घागर पुढं केली होती.

"ज्याले पाण्यानंच नेलं, त्याले अजून पाणी कायले?" ती फाडकन म्हणाली होती. आणि तीच घागर उचलून कामावर आली होती.

रुचिका परतली. वाकून कड्यातली मोजपट्टी बघितली आणि हरखलीच.

"मावशी, केवढं उतरलं! एवढं कुठंच मुरलं नाही. आता तळं इथंच खोदायला सांगते. पावसाचं पाणी साठेल, मुरेल, तुमच्या विहिरीलाही लागेल."

"अठीच?"

"हो, इथंच. चांगलं पुरुषभर खोल."

जो डोह डोळ्यांसमोर नको होता, तो गिरजाबाईनं आपल्याच हातानं मागून घेतला होता.

"नाई मुरत, माय," ती कशीबशी म्हणाली. "म्याच उपसलं."

"पण का, मावशी?"

गिरजाबाईनं नवी घागर उचलली आणि कडं काठोकाठ भरलं. मग तिथंच खाली बसून मातीवर हात ठेवला.

"घे बापू," ती म्हणाली. "पे."

दोघी बघत राहिल्या. ऊन डोक्यावर आलं, तरी पाणी जागचं हललं नाही.