मूठभर कोंडा

मनिषाचं पहिलं लेकरू आजीच्या मांडीवरच गेलं होतं. तेव्हापासून तिच्या सासूनं, बानूबाईनं मांडीच आखडून घेतली. आता दुसरी नात झाली, गुटगुटीत, टकामका बघणारी. पण सासू पाळण्याच्या दोरीलाही हात लावीना.

"आधी इकू तिला. मग घेते."

"आत्या, असं कसं बोलता!"

"खरंखुरं न्हाय गं! दगडाबाई मूठभर कोंडा दील, पोर तिची हुईल. काळ आला तर म्हणंल, ह्यांचं हितं काय न्हाय. आपून निस्ती सांभाळायची."

मनिषा बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. रजेवर होती, तरी पोरीला पाजता पाजता पुढच्या सत्राचं वाचायची. समुद्रापार उसाच्या मळ्यांत राबवायला नेलेली आफ्रिकेतली माणसं, भर बाजारातले त्यांचे लिलाव. भवानीनगरजवळच्या त्यांच्या वस्तीवर ऊस पार अंगणाला भिडलेला. हल्ली त्याची सळसळ ऐकली तरी तिला दचकायला व्हायचं.

पण सासूनं नातीला घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. ती कबूल झाली.

सकाळीच शेजारची दगडाबाई मुठीत कोंडा घेऊन आली. "दावा बाई माल! नाक बानूचंच हाय, जरा कमीच दीन म्हणते. मला आईनं अशीच इकली हुती. बघा, अजून टिकले!"

सगळ्या हसल्या. मनिषानं पोरीला सुपात ठेवलं आणि हात मागं घेतले. रिकामे हात तसेच अधांतरी राहिले, आणि तिला एकाएकी हुंदका फुटला.

"आता गं? खोटं खोटंच हाय की," दगडाबाई म्हणाली.

"मावशी, त्यांचं खरं होतं." मग तिनं समुद्रापारच्या त्या ऊसमळ्यांतल्या माणसांचं सगळं सांगितलं. मळेवाले आईच्या कडेवरून लेकरू ओढून घ्यायचे, पैसे मोजायचे, चालते व्हायचे.

"उसापायी?" बानूबाईनं दाराबाहेर बघितलं. "मग परत कवा दिली?"

"नाही दिली, आत्या."

"मग त्या आया?"

"दुसऱ्या दिवशी मळ्यात कामाला. पुढं पुन्हा लेकरं झाली. तीही विकतील, हे ठाऊक असून त्यांना पाजलं, न्हाऊ घातलं, मांडीवर घेऊन गाणी म्हटली. म्हणून तर त्यांची पतवंडं आज जगात आहेत."

दगडाबाईचा हात कोंड्यासकट कपाळाशी गेला, देवळापुढनं जाताना जातो तसा.

"ठाऊक असून?" बानूबाईनं हळूच विचारलं. "आन् गाणी म्हटली?"

"हो."

"काय काळजाच्या बाया म्हनायच्या गं ह्या!"

ती भिंतीला धरून उठली. सुपाशी आली.

"दगडे, कोंडा कोंबड्यास्नी टाक जा."

"आगं, पन इकायचं?"

पोरीला उचलून बानूबाई उंबऱ्यात बसली, मांडी पसरली. कितीतरी दिवसांनी गायला लागली. सूर लागेना, ओळी विसरलेल्या. पोर तोंडाकडं बघत राहिली. बाहेर ऊस सळसळत होता.